कमरेचा कोयता

चि. शुभमला कुडपणहून आत्याचा आशीर्वाद.

तू फोनवर कायदा समजावलास, पण माझं मन काय मानत नाय. आणीबाणीत तुझ्या आज्याला पोलिसांनी नेलं, तो चावडीवर नसबंदीविरुद्ध बोलला म्हणून. तेव्हा राज्यघटनेत आणीबाणीचं कारण म्हणून ‘अंतर्गत अशांतता’ लिहिलेली होती. नंतर दुरुस्ती करून तिथं ‘सशस्त्र उठाव’ घातला, आता नुसत्या बोलण्यावरून आणीबाणी येत नाय, असं तू म्हणतोस. अरे, पण सशस्त्र कुणाला म्हणायचं, हे कोण ठरवणार? आपल्याकडं कमरेला कोयता लावल्याशिवाय रानात कोण जातो रे? काल कुणी नवा साहेब आला, तो सारखा आमच्या कमरांकडंच बघत होता.

हे पत्र टपालात टाकणार नाय. वाटेत कोण फोडील, काय सांगावं? आज्याचा कोयता मात्र आजपासून मी पदराखाली लपवून नेते.

तुझी आत्या,
बनुबाई