एकतिसावं कार्ड

प्रिय खारोबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते उघडायच्या आधी तू उजेडाकडे धरून बघशील, हे मला ठाऊक आहे. बघ खुशाल. आत दोन कार्डं आहेत, पण ती सगळ्यात शेवटी काढ. आधी बातमी ऐक. आपला शब्दकोश पुरा होत आलाय. इंग्रजीतून आपल्याकडे आले आणि ज्याच्या त्याच्या कामात निराळाच अर्थ घेऊन बसले, असे सगळे शब्द. शेवटचा भाग छापखान्यात आहे आणि छापखान्याचे मालक रोज सकाळी फोन करून माझं डोकं खातात, कारण एक पान मी अडवून ठेवलंय. ‘सेट’चं.

या शब्दाने आपल्याला किती वणवण करायला लावली होती! प्लास्टर सेट होईस्तोवर भिंतीला बोट लावायचं नाही, असं गवंडीबुवांनी बजावलं आणि तू तेवढ्यात बोट लावलंस. पार्लरवालीने केस सेट करणं म्हणजे काय ते तुझ्याच डोक्यावर करून दाखवलं. पुढे दोन दिवस तू टोपी घालून हिंडलास. व्यायामशाळेतला तो दांडगा माणूस तीन सेट पूर्ण झाल्याशिवाय एक अक्षर बोलायला तयार नव्हता, म्हणून मी बाकावर बसून त्याच्या उठाबशा मोजल्या. नाटकवाल्यांनी तर सेट म्हणजे काय हे सांगायच्या आधी त्याची एक बाजू आपल्यालाच धरायला लावली. एकेक अर्थ लिहिलेली कार्डं तू खिशात, मोज्यात, अगदी जेवणाच्या डब्यातसुद्धा कोंबायचास. खारोबा हे नाव उगाच नाही पडलं.

नियमही तुझाच होता. काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही, दोघांनी वेगवेगळ्या वेळी ऐकल्याशिवाय ते छापायचं नाही. आणि खुर्चीत बसून कुणाचं कार्ड खोडायचं तर मुळीच नाही. शंका आली की उठायचं, जायचं, विचारायचं.

तुझा वाह्यातपणाही मी विसरलेले नाही. ‘सेट होणे : लग्नानंतर जावयाची होणारी गत. ऐकले : सासऱ्यांकडून.’ असं कार्ड तू गठ्ठ्यात सारून दिलंस. संपादक मंडळातले तिघेही पोट धरून हसले. मी मात्र तुला झाडलं होतं. म्हणून महिन्याभराने ‘करवतीला सेट देणे : तिचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवणे’ हे कार्ड समोर आलं, तेव्हा मला वाटलं, आला हा पुन्हा मूळ पदावर. चांगल्या करवतीचे दात कोण वाकवेल? त्या तिघांसमोर मी तुला म्हणाले की तू घरी बसून खोटी कार्डं रचतोस, आणि लाल पेन्सिलने ते खोडलं. तू एवढंच म्हणालास, “ताई, चल ना, दहा मिनिटांवर दुकान आहे त्या सुताराचं.” मी म्हणाले, मला वेळ नाही. तू कार्डांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलास. त्याला आठ वर्षं झाली. तुझी बायको माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करते. तुझ्याकडे फोन दे म्हटलं की तू आंघोळीला गेलेला असतोस. इतका स्वच्छ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या मंगळवारी कार्यालयात नवे कप्पे करायला सुतार आले होते. दुपारी करवतीचा आवाज थांबला म्हणून मी बाहेर डोकावले. ते करवत मांडीवर आडवी धरून बसले होते आणि हातातल्या पकडीने एकेक दात वाकवत होते. एक इकडे, एक तिकडे. काय करताय, म्हणून विचारलं. मान वर न करता म्हणाले, “सेट देतोय ताई. दात सरळ राहिले की करवत लाकडात अडकते.” मी तिथेच भुशात बसले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाणी आणून दिलं.

आता पाकिटातली कार्डं काढ. एक तुझं आहे. लाल रेघ तशीच ठेवलीय, कारण खोडरबर फिरवून ती मी ओढलीच नव्हती असं दाखवायचं नाही. दुसरं माझं आहे, ‘सेट’चं एकतिसावं. सुताराकडून ऐकलं, तारीख घातली, सही केली. पहिला ऐकणारा तू, दुसरी मी. अर्थ पक्का झाला. तुझं कार्ड खरं होतं आणि मी खुर्चीतून उठले नाही, हे मी सोमवारी अकरा वाजता त्याच तिघांसमोर सांगणार आहे. त्यांना बोलावणं गेलंय. तेव्हा तू तिथे हवास, म्हणून हे पत्र. पान तोवर अडवलेलं राहील. छापखान्याच्या मालकांचं मी बघून घेईन. पण कार्डं पोस्टाने परत पाठवलीस तर मी ती घेणार नाही. स्वतः घेऊन ये. कपाटाची किल्ली तू ठेवलीस त्याच टेबलावर आहे.

आंघोळ आटोपून निघ.

तुझीच, चुकलेली,
ताई