शेठजी आणि काटवलांची टोपली

जुने शहर, अकोला
श्रावण वद्य दशमी, शके १८४६

वडीलधारे मेहुणे उत्तमरावजी, मुक्काम भातकुली, यांस देवीदासाचा पाया लागून रामराम. मी आणि जमुना, आम्ही बाप-लेक ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याला एरंडाच्या तेलानं उतार पडला का, ते कळवावं. वहिनींनाही रामराम.

तुमच्या शेताच्या धुऱ्यावर जाहक सापडलं (शाळामास्तर तसं म्हणतात, आपण काटेरी गोळा म्हणू, साळिंदराहून पुष्कळ लहान), ते टोपलीखाली झाकून ठेवलंय, पाळू का, असं तुम्ही विचारलंत. माझ्याकडे दोन वर्षांपासून एक आहे. तेव्हा कुणाचीही बाजू न घेता सांगतो, पाळू नका.

एक तर त्याला माया नाही. आमच्याला जमुनानं 'शेठजी' नाव ठेवलं, कारण कोणी जवळ आलं की हा काही मागायलाच आला असं समजून तो अंग आवळून घेतो. गोंजारावं तर हात रक्ताळतो. नवा वास आला की तोंडाला फेस आणून स्वतःच्याच पाठीला फासतो. ते पाहून शेजारच्या गंगूबाईनं लिंबू उतरवलं (त्याच्यावरून नाही, माझ्यावरून). विंचू-झुरळं खातो हे खरं, पण तुमच्या घरी कुठे विंचू आहेत?

आता मागच्या बाजाराचं ऐका. तेल्हाऱ्याचे खुशालराव आपल्या मुलासाठी जमुनाला पाहायला येणार होते. त्यांची बायको दुर्गाबाई मोठी चतुर. ती आदल्या दिवशीच, ओळख न देता, आमच्या भाजीच्या दुकानावर पोरीचा हात सढळ आहे का ते पाहायला आली. जमुनानं शेरभर काटवलं, ती हिरवी काटेरी फळभाजी, तोलून दिली. बाई हटेना. "वर एक टाक नं वं पोरी." जमुनानं टाकलं. "हे काय बोरायेवढं? मोठं टाक." मोठं राहिलं नाही म्हटलं, तर "काहून नाई? ते काय दिसून राह्यलं कोपऱ्यात?" म्हणून तिनं स्वतःच टोपलीत हात घातला आणि सगळ्यांत मोठं काटवल पिशवीत टाकून चालती झाली. तो शेठजी होता. टोपलीत शिरून झोपायची त्याला खोडच आहे. बाईला टोचलं कसं नाही म्हणाल, तर फुकटाचं टोचत नाही.

इकडे मी दिवसभर सगळ्या टोपल्या उलथ्या करत होतो (माल पाहायला, दुसरं काही नाही). दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, आणि दुर्गाबाईच्या हातात तीच पिशवी, पिशवीत शेठजी. आईवेगळी पोर, एवढं चांगलं स्थळ, आणि ते एका काटेरी गोळ्यापायी हातचं चाललं! बाई म्हणाली, "हे काटवल काल पिशवीतून उतरून चालत गेलं." जमुना चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मावशी, वरून टाकलेलं आमी वापस घेत नाई." बाई पोट धरून हसली. लग्न मार्गशीर्षात ठरलं.

पण दर वेळी असं नशीब नसतं, उत्तमरावजी. हे जनावर तुमच्यासारख्या मानी घराला शोभायचं नाही. थोरामोठ्यांना पुन्हा रामराम.

तुमचा
देवीदास

ता. क. – दुर्गाबाईची एकच अट आहे. त्या उतरल्या होत्या त्या घरात शेठजीनं दोन विंचू खाल्ले म्हणे, तेव्हा पोरीसोबत तोच आंदण द्यावा. तुम्ही तर आता पाळणार नाहीच. म्हणून टोपलीखालचं जाहक तुमच्याकडून इकडे भाजी आणणाऱ्या माणिकबाईच्या गाडीनं पाठवा. तेच तेल्हाऱ्याला देऊ. मिटून बसलं की सगळी सारखीच.

ता. क. दुसरा – जमुनानं हे पत्र वाचलं. मला वाटलं ही अदलाबदल वाचून ती रागावेल, पण ती डोळे पुसत म्हणाली, "बाबा, शेठजी तुमच्यापाशीच राहू द्या. नाईतर तुमी बोलान कोनाशी?" मी म्हटलं, मी वांग्यांशी बोलतो. पण खरं सांगतो, मार्गशीर्षानंतर या घरात तराजू आणि मी, दोघंच. शेठजीला माया नाही, हे वर लिहिलंच आहे. फक्त मी बाजारातून आलो की तो एकदा नाक बाहेर काढतो. तुमच्या टोपलीवर दगड ठेवा, त्या जाहकाला पळू देऊ नका.