मयतावरून परतताना

५ मार्च
विगानला पोचले. मनिलाहून रात्रभराची बस, तरी थकवा नाही. खोली उत्तम: जाड विटांच्या भिंती, शिंपल्यांची तावदानं, खाली दगडी गल्लीत टांग्यांच्या टापा. स्पॅनिश काळातल्या घरांच्या तुळया तपासायचं काम आहे. घरमालकीण मानांग पुरिंग. मनिलाच्या मुली वाऱ्यावर जगतात का, असं विचारत तिने आणखी एक तळलेली एम्पनाडा माझ्या ताटात ढकलली. तिची पाच वर्षांची नात क्लारिता मला ‘इंजिनिअरबाई’ म्हणते.

९ मार्च
क्लारिताला घेऊन शेजारच्या बान्ताय गावचा घंटामनोरा पाहिला. वरून नदी आणि तंबाखूची शेतं. कामावरचा म्हातारा सुतार ताता सेल्मो तिथेच राहतो. क्लारिताला खांद्यावर घेऊन हिंडला. मला म्हणाला, तुम्ही नवराही मोजपट्टी लावूनच निवडाल.

१३ मार्च
ताता सेल्मो झोपेतच गेला. संध्याकाळी त्याच्या घरी बसून आले. मयताच्या घरून थेट घरी येत नाहीत. वाटेत बेकरीत वगैरे थांबतात, म्हणजे मागे आलेला मृतात्मा तिथेच राहतो. मला अहवाल पुरा करायचा होता. थेट आले. मानांगने दारातच विचारलं, थांबलीस ना कुठे? हो म्हणाले. सोपं होतं.

१५ मार्च
क्लारिताला ताप. म्हणते, ताता जिन्यावर बसलाय, त्याला परतीची वाट सापडत नाही. मानांग हसली. इंजिनिअरबाई थांबून आल्यात, मग तो येईलच कसा, म्हणाली. मी मान डोलावली.

१७ मार्च
ताप हटत नाही. डॉक्टरांना कारण सापडत नाही. जिन्यावर लाकडाचा ताजा भुसा. झाडला. पुन्हा —
खरं कळलं तर मानांग उतारा करणाऱ्या जाणत्या बाईला बोलावेल. सांगायला गेले. पाणी मागून परत आले.

१८ मार्च, दुपार
कुणाला न सांगता निस्तरायचं ठरवलं. जिन्यापाशी हळूच म्हणाले, ताता, चला. बेकरीपर्यंत गेले. वळून पाहायचं नसतं — पाहिलं नाही. पाव घेऊन दुसऱ्या वाटेने परतले.

जिना रिकामा.

अंथरूणही.

मानांग विचारतेय, क्लारिता कुठाय? ‘इंजिनिअरबाईंच्या मागून जाते’ असं ओरडून गेली म्हणे. ताप उतरला म्हणून मानांगला बरं वाटलं —

वाटभर मागे पावलं वाजत होती. जड. आणि शेजारी लहान चपला. ऐकत होते मी. बेकरीच्या दारात थांबली — दोन्ही —

मानांग पुन्हा विचारतेय. तोंडाने सांगता येत नाही म्हणून इथे — मी थांबले नव्हते, मानांग, त्या दिवशी मी —