पुदिन्यापुढचा दिवा

भिसेगाव, कर्जत
ता. १० फेब्रुवारी १९६३

प्रिय जानकी,

सप्रेम जयभीम. सोमारावांना जयभीम सांग, धाकलूला पापा दे.

तुझं पत्र मिळालं. इकडे बरं आहे. आईचं म्हणशील तर पडल्यापासून ती उठलेली नाही. कमरेखाली बळ नाही. डोळ्यांना उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. खाणं पेजेवर. तीही नको म्हणते, पण पुदिन्याची चटणी बोटाने जिभेला लावली की चार घोट जातात. म्हणून पुदिना रोज लागतो.

तू लिहितेस, दारातले डबे काढून टाक ताई, म्हणजे हे मला पाठवतील. वाचून हसू आलं. खोपोली ती केवढी लांब! आणि मध्ये आडवा कोण, तर पुदिना.

सोमारावांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. छप्पन साली आळीतल्या घराघरातले देव त्यांनीच गोळा करून नदीत सोडले. आपल्या दारातली तुळस त्यांनीच उपटली आणि नंतर त्यांच्या मातीच्या हातांवर पाणी आईनेच घातलं. विटांचा कट्टा तेवढा राहिला. रिकामा कट्टा आईला बघवेना. तिने रॉकेलचा डबा आडवा कापून आणला, खिळ्याने तळाला भोकं पाडली आणि बाजारच्या जुडीतल्या काड्या त्यात खोचल्या. त्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. शेजारची सोनुबाई तेवढी येताजाता म्हणायची, "चंद्राबाय, तुळशीचं लगीन तरी लागायचं. आता पुदिन्याला नवरा कुठला बघशील गं?"

चुकलं ते दिव्याने. तुझ्या लग्नानंतर सोमाराव पहिल्यांदा मुक्कामाला आले, आणि तिन्हीसांजेला आईने सवयीने कट्ट्यावर दिवा ठेवला. "हे काय मामी?" असं त्यांनी विचारलं.

"मी काय पुदिन्याला हात जोडते का? जागंला अंधार नको, म्हून ठेवते."

"आज जागा, उद्या देव."

"देव तुमी नेलात. सवय हातात हाय. हात नेता का?"

ते पानावरून उठले. या दारात दिवा लागतोय तोवर जानकी इथे पाऊल ठेवणार नाही, म्हणाले. तू हे सगळं पाहिलंस. तू तेव्हा लुगड्यांच्या घड्या घालत होतीस. तरी लिहिते, कारण तुझ्या पत्रात दोष डब्यांचा आहे. डब्यांनी काय केलं?

डबे काढता येणार नाहीत. बाजारचा पुदिना आई थुंकून टाकते. उलट मी आणखी डबे भरले आहेत. जमिनीत लावला तर पुदिना शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत जातो. डब्यात तो राहतो. मुळं पत्र्याला टेकतात आणि कडेकडेने फिरत बसतात. मग पानं बारीक येऊ लागतात. तेव्हा डबा पालथा करायचा, मुळांचा गड्डा विळ्याने मधोमध कापायचा आणि अर्धा टाकून द्यायचा. उरलेला अर्धा जोमाने येतो. तुझ्या दारात जागा असेल तर लाव. काड्या आपल्या आळीतल्या पोपटबरोबर पाठवीन.

आई तुझी आठवण काढते.

तुझी ताई,
शकू


भिसेगाव
ता. २१ एप्रिल १९६३

प्रिय जानकी,

सप्रेम जयभीम.

पोपट सुट्टीवर आला होता, तो येऊन गेला. सोमारावांच्या खात्यातच काम करतो म्हणून तू त्याच्याकडे निरोप दिलास, हे बरं केलंस. दारातच उभा राहिला. आईकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाला, "शकूताई, सोमा आता मऊ पडलाय. म्हातारीचं कळल्यापासून जेवत नाय धड. तेवढा दिवा बंद करा. तो आपला शब्द गिळायला तयार हाय, पण कायतरी निमित्त पायजे ना त्याला."

मी त्याला चहा दिला.

कट्ट्याकडे बघत तो म्हणाला, "आणि म्हातारी तर उठत नाय. मग दिवा लावतं कोण?"

तूही पत्रात तेच विचारलं आहेस. घर आहे, तिन्हीसांज होते, दिवा लागतो. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

उन्हाचं पुदिन्याला जपावं लागतं. मी डबे भिंतीच्या सावलीला ओढले आहेत, पाणी सकाळ-संध्याकाळ. माती कोरडी पडू दिली की संपला, आणि पाणी साठलं तरी कुजतो. शेंडे खुडत राहायचे. शेंडा वर गेला की तुरा धरतो आणि पानाला कडवटपणा येतो. तुझ्या लग्नाआधी खुडायचं काम तुझं होतं. मी खुडलेला आईला ओळखू येतो. "दांड्या ठेवल्यास," म्हणते.

रात्री ओरडते. "जानके, पाणी दे." मी उठते, पाणी देते. पिऊन झाल्यावर विचारते, "जानकी कुठं गेली?" अंथरूण मी बदलते, तेव्हा मात्र तिला नाव बरोबर आठवतं. "शके, हळू. मारतेस का?"

तू येण्याची घाई करू नकोस. सोमारावांना दुखवून येण्यात अर्थ नाही. आई एवढ्यात कुठे जात नाही.

तुझी ताई,
शकू


भिसेगाव
ता. ४ जून १९६३

प्रिय जानकी,

हे पत्र तुझ्या एकटीचं आहे. सोमारावांना दाखवलंस तरी चालेल.

परवा रविवारी तुम्ही आलात. मी पाहिलं. सूर्य अजून माथेरानच्या डोंगरावर होता. धाकलू तुझ्या खांद्यावर झोपलेला होता. सोमाराव आळीच्या नळापाशी थांबले आणि त्यांनी आपल्या कट्ट्याकडे नजर टाकली. कट्ट्यावर डबे होते, दिवा नव्हता. त्यांनी तुला मानेने चल म्हटलं. तू पदर सारखा केलास.

मी दारामागे होते. दिवा घेऊन बाहेर आले, कट्ट्यावर ठेवला आणि काडी ओढली. वाऱ्याने विझली. दुसरी ओढली. तेवढ्या वेळात तू मला हाक मारू शकली असतीस. आळीला ऐकू गेली असती. सोमाराव वळले, त्यांच्यामागे तू वळलीस. धाकलूचं डोकं तेवढं बराच वेळ दिसत राहिलं.

सोनुबाईने सगळं बघितलं. म्हणाली, "उन्हाचा दिवा लावतेस? शके, तू माणूस हायेस का कोण गं?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आई पडली त्या दिवसापासून दिवा मी लावते. खाटेवर टेकल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती, "शके, आता दिवा नको लावू. माझी हौस झाली. पोरीला येऊ दे." मी बरं म्हटलं. तिच्या खाटेवरून कट्टा दिसत नाही.

सोमारावांना हे सांग. ते म्हणतील, लावला कोणी याला महत्त्व नाही, लागला याला आहे. ते शब्दाचे पक्के आहेत. त्यांच्या त्या गुणावर मी भरवसा ठेवला.

का, असं तू विचारशील. मी नांदायचं सोडून परत आले, तेव्हा मला दारात उभी ठेवून आई आत कोणाला तरी म्हणाली होती, "आली. आता हिला मरेस्तोवर बघा." आज तिला मी बघते. तिची घाण माझ्या हाताला आहे आणि नाव तुझं तिच्या तोंडात. तू तासभर येशील, तिचं डोकं मांडीवर घेशील, रडशील. ती सुखाने मरेल. आळी म्हणेल, लेकीसाठी जीव राहिला होता. मी तेव्हा चुलीपाशी पाणी तापवत असेन.

तुम्ही परत गेलात त्या संध्याकाळी मी चटणी वाटून तिच्याजवळ बसले. तिने माझा हात धरून नाकाशी नेला.

"आलीस का गं जानके?"

आजवर मी दर वेळी सांगत आले होते, आई, मी शकू. त्या दिवशी नाही सांगितलं.

"आले गं आई."

"सोमा?"

"आलेत. बाहेर बसलेत."

"रागावला नाय ना?"

"नाही."

"आणि शकी कुठं?"

"शकी गेली, आई."

"कुठं?"

"गेली."

ती म्हणाली, "बरं झालं. पोर लई कडू होती. तिला बघून माझं पाणी घशाखाली उतरायचं नाय."

त्या दिवशी तिने वाटीभर पेज घेतली, चटणी न मागता. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांतून फिरवत राहिली. या घरात मी चाळिशीला आले. तो हात मला पहिल्यांदा लागला. मी हलले नाही.

काल सकाळी अंथरूण बदललं. ओरडली नाही. "जानके, दमशील गं," म्हणाली.

कालपासून मी दिवा लावत नाही. दार दिवसभर उघडं असतं. सोमारावांची हरकत राहिलेली नाही, तेव्हा तुला हवं तेव्हा तू ये. पण विचार करून ये. तुझा आवाज ऐकून ती दचकेल आणि मला विचारेल, ही कोण आली. मला काहीतरी सांगावं लागेल.

मी सांगेन, शकी परत आली.

तुझीच,
जानकी