शाळेखालचा कोळसा

पांडेसरा, सुरत

सरस्वती, घरी सगळे बरे असाल असं धरून चालतो. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

मी ठीक आहे. मिलमध्ये बॉयलरवरच आहे, खोकलाही कमी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

दसऱ्याला बॉयलरची पूजा चालू असतानाच कोळशाचा ट्रक आला. चिठ्ठीवर आपल्याच गावच्या खाणीचं नाव! आपली शाळा पाडून खोदली, तीच. खाणीच्या कमाईतून नवी शाळा देणार होते ना? उभी राहिली ती स्वागताची कमान. पोरं तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्येच.

सगळ्यांनी बॉयलरला हात जोडले. माझे उठलेच नाहीत.

मयुरीनं विचारलं, आपली शाळा कुठे गेली, तर सांग, सुरतेला गेली. बाबा रोज फावड्यानं भट्टीत टाकतात.

तिला जप.

तुझा,
रामदास