मोठी कुमारिका

आई,

मी दोन पुस्तकं लिहिली. दोन्ही तू गेल्यावर, दोन्ही विनोदी, आणि दोन्ही इंदूरच्या एका लग्न न केलेल्या बाईवर. कपाळाला हात लावू नकोस. पहिलं पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यात ती बाई स्थळं बघते, स्थळं तिला बघतात, आणि शेवटी एका बऱ्यापैकी माणसाला ‘विचार करून सांगते’ म्हणून ती घरी येते. त्या एका वाक्यावर वाचकांनी पुढची सगळी वर्षं काढली. मनातल्या मनात तिचं लग्न ठरवलं, हॉल बुक केला, मठ्ठा की ताक यावर वाद घातला. आणि यंदा दुसरा भाग आला, तर बाईंनी विचार केलेला आहे आणि उत्तर ‘नाही’ असं आहे. ती इंदूरबाहेर राऊला फ्लॅट घेते, गाडी शिकते, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, भांडते, खाते, मजेत राहते. झालं! जेवायला बोलावून मी लोकांना उपाशी परत पाठवलं, असे सगळे रुसून बसले.

मतं कशी कशी येतात ते ऐक. एका आजोबांनी कळवलं की दुसऱ्या भागातही हसू आलं, पण समाधान झालं नाही. एका बाईंनी विचारलं, ही एकटी राहते तर गॅसची टाकी कोण उचलतं? मी उचलते, म्हणजे ती उचलते. देवासच्या एका काकूंनी नायिकेसाठी चक्क स्थळ पाठवलं, फोटोसकट. विधुर, स्वतःचं घर, मुलगी परदेशी, पचन उत्तम. खाली लिहिलं होतं, नायिकेला जमत नसेल तर आपण स्वतः विचार करावा. इथवर मी हसत होते. मग कुणीतरी लिहिलं की एवढं हसणारी बाई आतून सुखी नसते, आणि ते मला झोंबलं. नवऱ्याच्या घरी बसून रडणाऱ्या बाईला कुणी कधी म्हणतं का, की तुम्ही आतून सुखी असणार म्हणून? एकटीच्या हसण्यालाच तेवढी पावती दाखवावी लागते.

या दुसऱ्या भागाची नवीन आवृत्ती निघायची आहे. परवा पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. माणूस सज्जन आहे, वाईट बातमी देण्याआधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. म्हणाला, “ताई, दोनच गोष्टी. ते कुमारिकेचं प्रकरण काढून टाकू, काही लोक दुखावलेत. आणि शेवटच्या पानावर जरासं सुचवू, की तिसऱ्या भागात तिचं लग्न होईल. वाचकांची इच्छा आहे हो.” मी म्हटलं, कळवते. कुमारिकेचं प्रकरण कुठलं, ते तुला सांगायला नकोच. पण सांगते. ते मी लोकांना सांगितलं, तुला कधी सांगितलं नाही.

अष्टमीला आपल्या विजय नगरच्या गल्लीत लहान मुलींचा दुष्काळ पडतो. मराठी घरं आणि हिंदी घरं एकाच सकाळी कुमारिका जेवायला घालतात, आणि मुली त्याच त्या. उन्हं वर येईपर्यंत त्यांची पोटं खीर-पुरीने टम्म झालेली असतात, तरी रिबिनी आणि बांगड्यांच्या आशेने त्या घरोघर फिरत राहतात. त्या वर्षी तू पाट मांडलेस, पानं वाढलीस, आणि समोरच्या भाभींची धाकटी काही येईना. तू गॅलरीतून हाक मारलीस. भाभी खालूनच म्हणाल्या, “आंटीजी, वो तो सो गई. इत्ते घर में खा के आई है, अब ना उठने वाली.” वाढलेलं पान रिकामं ठेवायचं नाही, हा तुझा नेम. बाहेरच्या खोलीत तुझं भजनी मंडळ बसलेलं. आत्या सकाळपासून उज्जैनच्या कुठल्याशा स्थळाचं तुणतुणं वाजवत होती, आणि मंडळातल्या बायका माना डोलावत होत्या. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. चाळिशी गाठली होती मी. तू आत आलीस, गॅस बंद केलास आणि म्हणालीस, “हात धू अन् बस.”

“कुठे?”

“पाटावर. कुमारिकाच आहेस ना? की चोरून लग्न-बिग्न केलंयस?”

आत्या धावत आत आली. “वहिनी, पागल झालीस का तू? घोडनवरी कधीची झालीये ती! लोग क्या बोलेंगे?”

तू माझ्या हातातला झारा काढून घेतलास. “देवीला जन्मतारीख लागत नाही. तुम्हाला लागते.”

इथपर्यंत पुस्तकात शब्दाला शब्द आहे. पुढे पुस्तकात असं आहे की आई पाय धुवायला ताम्हण आणि तांब्या घेऊन येते, ते बघून नायिका लाजेने लाल होते आणि हातात लाटणं घेऊन पळत सुटते, जिना उतरून थेट गल्लीत, मागे गल्लीतली कुत्री, त्यामागे आत्या. लोक सगळ्यात जास्त तिथेच हसतात. आत्या कुत्र्यांना ‘हट रे’ म्हणते ते वाक्य कुठल्याशा गॅदरिंगला कुणी वाचूनही दाखवलं म्हणे.

तू पहिल्यापासून अशी नव्हतीस, हेही लिहिते, नाहीतर मेलेल्या माणसाला देव करून ठेवायची आपली खोड आहेच. राजवाड्याच्या बाजारात नेऊन बघण्याच्या कार्यक्रमासाठी तू मला अबोली रंगाच्या साड्या घेतल्यास, दरवेळी अबोलीच, कारण त्यात मी उजळ दिसते म्हणे. एकदा तिथेच, दुकानदारासमोर, मी नको म्हटल्यावर तू म्हणालीस, “तुझ्यापायी मला कुणाच्या लग्नात जायची सोय राहिली नाही. सगळ्या विचारतात, हिचं कधी, हिचं कधी. मी कोणाकोणाला तोंड देऊ?” दुकानदार बिचारा घडी केलेल्या साडीची पुन्हा घडी करत राहिला. त्या बोलण्याचा राग मला अजून आहे, कमी झालेला नाही. म्हणूनच पाटाचा दिवस मोठा. वर्षानुवर्षं तू लोकांच्या बाजूने माझ्याशी भांडलीस, आणि त्या दिवशी, पुऱ्या अर्ध्या तळून झालेल्या असताना, तू बाजू बदललीस. त्यानंतर घरात स्थळाचा विषय कुणी काढला नाही. आत्यानेही नाही, आणि आत्या म्हणजे काय चीज होती ते तुला माहीत आहे.

तर परवाच्या रविवारी इथल्या मराठी वाचक मंडळाने दुसऱ्या भागावर चर्चा ठेवली होती. राजवाड्याजवळचा छोटा हॉल, आधी कचोरी आणि चहा, मग साहित्य. अध्यक्ष एक निवृत्त साहेब, त्यांचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात होते हे त्यांनी प्रास्ताविकात सांगितलं, दरवेळी सांगतात. मग माझ्याकडे वळले. “ताईजी, बुरा मत मानिए. तुमची भाषा बहोत बढिया. पण ते कुमारिकेवालं जरा ज्यादा झालं. अशी कोणती आई असते का? तुम्ही आईची मस्करी केलीय, अन् धर्माची पण.” मागून एका काकूंनी दुजोरा दिला, “हां ना, अन् मला तर बिचारीचं वाईट वाटलं. शेवटी कोणीतरी मिळायला पाहिजे होता तिला. हसून हसून रात थोडीच निघते?”

मी उठले. कागद नेला होता तो उघडलाच नाही. म्हटलं, अशी आई असते, कारण माझी होती. म्हटलं, नायिकेला बिचारी म्हणायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही, पुस्तक विकत घेतलंत म्हणून तो मिळत नाही. तिची रात्र कशी जाते हे विचारणाऱ्यांनी आधी आपापल्या घोरणाऱ्यांचं बघावं. हॉलमध्ये हशा पिकला, काकूही हसल्या, अध्यक्षांनी चष्मा पुसला. मी आणखी बोलले. लग्न हा विनोदी कादंबरीचा शेवट कसा असेल, तो तर दुसऱ्या कादंबरीचा विषय आहे, असं म्हटलं. फार दिवसांनी भांडायला मिळालं होतं, मी सोडते काय?

मग एक मुलगी उठली. जळगावची, विजय नगरला कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, एकटी भाड्याने राहते. बत्तीस-तेहतिशीची असेल. म्हणाली, “मॅडम, मला तिचं लग्न नकोय. दोन्ही भाग मी दोनदा वाचलेत. पण एक गोष्ट मला पटलीच नाही. ती पळते ते.” मी म्हटलं, का बरं? “आख्ख्या पुस्तकात ती कुणाला घाबरत नाही. घरमालकाला नाही, प्रिन्सिपलला नाही. आणि आई पहिल्यांदा तिच्या बाजूने उभी राहते, तर ही पळून जाते? मग आई एकटीच वेडी ठरते ना सगळ्यांसमोर. माझी आई असं करेल तर मी हलणार नाही जागची.” एवढं बोलून ती बसली. तिचे डोळे भरले होते की नाही मी बघितलं नाही. मी काहीतरी उत्तर दिलं, विनोदी कादंबरीत कुणीतरी पळावंच लागतं वगैरे. लोक हसले. ती हसली नाही.

घरी येईपर्यंत तिचा राग येत होता, आणि राऊच्या वळणावर गाडी बंद पाडून घेतली तेव्हा मला कळलं की राग तिचा नाहीच. अध्यक्ष चुकीचं बोलून बरोबर निघाले होते. लोक त्या प्रकरणात हसतात ते आत्याला आणि कुत्र्यांना, हे खरं; पण मागे ताम्हण घेऊन उभी राहिलेली बाई त्यांना खुळी वाटते, आणि ती तू आहेस. तुला कुणी खुळं म्हणावं हे मला चालणार नाही. मला म्हणा काय म्हणायचं ते.

आज सकाळी प्रकाशकांना उत्तर लिहायला बसले आणि आधी हे लिहून झालं. त्यांना दोन ओळी धाडल्या आहेत. लग्न होणार नाही, तिसऱ्या भागात नाही, तेराव्यातही नाही. आणि कुमारिकेचं प्रकरण काढायचं नाही. नवीन आवृत्तीत ते मी बदलून देते, ती पळणार नाही. फोन लगेच आला. “ताई, पण मग विनोद काय राहिला?” मी म्हटलं, आत्या आहे की. आत्या तिथे नुसती उभी राहिली तरी पुरे. तो म्हणाला, लोक आणखी दुखावतील. मी म्हटलं, दुखावू देत, औषधं त्यांच्याकडे असतात.

दुपारी लिहायला घेतलं. ती हात धुते, पदर नीट करते, लहान मुलींच्या रांगेत जाऊन बसते. शेजारची मुलगी विचारते, “आंटी, आप भी कन्या हो?” आणि ती म्हणते, “हां बेटा, बडी वाली.” हे खरंच झालं होतं, तुला आठवत असेल. तू कोमट पाणी आणलंस, माझ्या टाचांच्या भेगांवरून हात फिरवलास, कुंकू लावलंस, गजरा दिलास. मी खीर दोनदा मागून घेतली. हे सगळं लिहून झालं, चांगलं झालंय, छापू देत.

फक्त शेवटचं लिहिलं नाही. कुंकू लावून झाल्यावर इतर मुलींसमोर वाकलीस तशी तू माझ्यासमोरही वाकलीस, कपाळ टेकवलंस. मी पाय मागे घ्यायला हवे होते, कुठलीही मुलगी घेईल. आत्या ‘अगं अगं’ करत पुढे आली, तरी मी घेतले नाहीत. ते कुणाला वाचायला देणार नाही, आणि हा कागदही इथेच राहील. मला तुझा तो नमस्कार हवा होता, आई.