पळून गेलेला खलाशी माहेरी असल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
शिडाची जहाजे (खलाशी सुरक्षा),
हिवाळी अधिवेशन शिबिर कार्यालय, नागपूर
(कुलूप असल्यास मुंबईस पाठवावा.)

विषय : खलाशी अंजनाबाई हिला जहाजावर परत चढू देण्याबाबत.

संदर्भ : आपला आदेश, ‘खलाशी फरार’, दि. २२ जानेवारी १९७४.

महोदय,

अर्जदार सौ. अंजनाबाई लहानू मारबते, राहणार हिवरीघाट, तालुका रामटेक, सध्या मुक्काम माहेर, सालईटोला, आपणास नम्रपणे कळविते की मी सातवी पास असून हा अर्ज स्वतः लिहीत आहे. आपल्या कचेरीची पत्रे वाचून वाचून ही भाषा आता मला येऊ लागली आहे. कुठे तोल गेला तर क्षमा असावी.

१. आमच्या गावच्या तलावात आमची एक नाव आहे. जुन्या लुगड्यांचे शीड लावून माझे मालक श्री. लहानू आणि मी या काठचे धान, तणस (भाताचा पेंढा) व शिंगाडे त्या काठाला पोचवतो. डिसेंबरात आपण अधिवेशनासाठी मुंबईहून नागपुरास आलात, सुटीच्या दिवशी रामटेकच्या गडावर दर्शनास गेलात आणि तेथून आपणास आमचे शीड दिसले. नागपुरात तपासण्यास एकही जहाज मिळाले नव्हते, त्यामुळे आपणास केवढा आनंद झाला होता ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपण बुटासकट चिखलातून धावत आलात. त्या दिवशी आमच्या नावेचे जहाज झाले, मालक तांडेल म्हणजे जहाजाचे प्रमुख झाले आणि मी खलाशी झाले. आपण एक शिट्टी, एक रबरी कडे व नियमांचे पुस्तक दिलेत, त्याबद्दल आभारी आहे.

२. नियम असा की दर सोमवारी जहाजावरील एकास पूर्वसूचना न देता पाण्यात ढकलावे व दुसऱ्याने कडे टाकून त्यास वाचवावे. तांडेलाने जहाज सोडू नये, असाही नियम आहे. माणसे दोनच. तेव्हा पाण्यात कोण जाणार हे कळायला पूर्वसूचना लागत नव्हती. मालक सरकारी कागदाला फार मानतात. त्यांनी मला भाकर खाताना ढकलले, शिंगाडे निवडताना ढकलले, वेणी घालताना ढकलले. पौषातले पाणी कसे असते ते साहेबांनी एकदा उतरून पाहावे. तरी सुरक्षा आहे, सोसली पाहिजे, असे मनाला सांगितले.

३. दि. १४ जानेवारी रोजी संक्रांत होती आणि नेमका सोमवारही होता. मी नवे लुगडे नेसून, तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन, माहेरी हळदीकुंकवाला निघाले होते. सालईटोल्याच्या काठावर बाया वाट पाहत उभ्या होत्या. तेवढ्यात मागे शिट्टी वाजली आणि मी डब्यासकट तलावात. कडे नेहमीप्रमाणे भलतीकडेच पडले. बाया पोट धरधरून हसल्या. खोटे कशाला लिहू साहेब, माझे डोके फिरले. नावेकडे मी पाहिलेसुद्धा नाही. सरळ काठाकडे पोहत गेले, ओलेत्यानेच माहेरी शिरले आणि जाहीर केले की मालक स्वतः घ्यायला आल्याशिवाय मी जाणार नाही. याला आमच्याकडे रुसून माहेरी येणे म्हणतात. चांगल्या चांगल्या घरच्या बायका येतात. आपल्याही घरी विचारून पाहावे.

४. मालक साधे. त्यांनी साप्ताहिक अहवालाच्या कार्डावर खरे तेच लिहिले : ‘खलाशी पाण्यात टाकला. वर आला नाही. माहेरी गेला.’ त्यावर आपला आदेश आला की खलाशी जहाज सोडून पळाला आहे, सबब त्यास एक वर्ष जहाजावर घेऊ नये, घेतल्यास जहाज जप्त होईल. पोलिसांनाही कळविण्यात आले. हवालदार रुपराव सायकलवरून आले आणि माझ्या आईला म्हणाले, पळालेला खलाशी हजर करा. आई म्हणाली, “कोनता खलाशी गा? माही पोरगी हाये ते. जावयावर रुसून बसून राहिली.” हवालदारांनी दोन कप चहा घेतला आणि जाताना मला सांगितले की खलाशी दिसल्यास ठाण्यात कळवावे. मी बरे म्हटले.

५. जहाजावर दोघे असलेच पाहिजेत, म्हणून मालकांनी वावरातले बुजगावणे आणून, त्याला माझे जुने लुगडे नेसवून, माझ्या जागी बसविले आहे. दर सोमवारी ते त्याला ढकलतात, ओढून वर घेतात आणि काठावर वाळत घालतात. कार्डावर तसेच लिहितात. त्यावर आपल्या कचेरीचा शेरा आला : ‘नवीन खलाशाची शिस्त समाधानकारक.’ मी महिनाभर गारठ्यात बुड्या खाल्ल्या तेव्हा कोणी दोन शब्द लिहिले नाहीत. असो.

६. मालक मला घ्यायला येतात. येत नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु फरार खलाशास घेण्याची मनाई असल्याने काठापासून दहा हातांवर नाव थांबवतात आणि बुजगावण्याशेजारी बसून माझ्याकडे बघत राहतात. परवा ओरडून म्हणाले, “चाल ना वं घरी. मले भाकर जमत नाही.” मग आदेश आठवला आणि मान खाली घालून निघून गेले. माझा राग केव्हाच गेला आहे. एस.टी.ने रस्त्याने घरी जाता येते हे मलाही समजते. पण घरी जाऊन काय करू? मला नावेत बसायचे आहे. त्याचे कारण पुढील परिच्छेदात आहे. तो कृपया गुप्त ठेवावा.

७. मालकांना पोहता येत नाही. धिवराच्या म्हणजे मासेमाऱ्याच्या घरी जन्मले, जन्म पाण्यावर गेला, पण येत नाही. लग्न झाल्यावर त्यांनी ही गोष्ट फक्त मला सांगितली आणि म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांच्यासोबत नावेत बसते. लोक म्हणतात हिला नवऱ्याशिवाय करमत नाही. तेही खोटे नाही. गेल्या सोमवारी भिजून जड झालेले बुजगावणे ओढताना मालक कमरेपर्यंत बाहेर गेले. एक हात नावेच्या कडेला, दुसरा त्या तणसाच्या बाईच्या कमरेला. मी काठावरून पाहत होते. आता चैतात वावटळी सुटतील. साहेब, सुरक्षेसाठी जो माणूस आपण जहाजावरून काढलात, तेवढाच पोहणारा होता हो!

८. आपल्या मुंबईच्या कचेरीने लिहिले की जहाज नागपूर शिबिरात नोंदलेले असल्याने दाद तेथेच मागावी. म्हणून भाऊ बळीराम याच्यासोबत मी नागपूरला गेले. शिबिर कार्यालयाला कुलूप होते. ओट्यावर चौकीदार संत्री सोलत बसले होते. म्हणाले, “अधिवेशन संपलं बाई. सायब आता डिसेंबरातच येते.” वावटळ डिसेंबरपर्यंत वाट पाहील असे मला वाटत नाही.

९. मालकांकडचे नियमांचे पुस्तक हवालदारांकरवी मागवून घेतले व पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्यात अगदी शेवटी लिहिले आहे की पाण्यात सापडलेल्या कोणत्याही इसमास, तो कोण व कुठला हे न विचारता, जहाजावर घेऊन सुखरूप पोचविणे तांडेलावर बंधनकारक आहे. सबब कळविण्यात येते की येत्या सोमवारी, दि. २५ रोजी, मालकांची नाव दहा हातांवर थांबली की मी पाण्यात उतरणार आहे. ते मला वर घेतील. कागदाला मानणारा माणूस आहे, त्यांना घ्यावेच लागेल. त्यानंतर मी नावेतून उतरणार नाही. आपला निर्णय डिसेंबरात आला तरी चालेल.

१०. जहाज जप्त करण्यास कोणास पाठविणार असाल तर कृपया पोहणारा माणूस पाठवावा. आमच्याकडे सोमवारी पूर्वसूचना देत नाहीत.

आपली, काठावर उभी,

सौ. अंजनाबाई लहानू मारबते
(खलाशी)
सालईटोला, दि. २० फेब्रुवारी १९७४

सोबत : आदेशाची नक्कल.

प्रत माहितीसाठी : श्री. लहानू मारबते, तांडेल, यांस (परिच्छेद ७ वगळून).